एका नंबरावरची पंधरा पोरं

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा पराक्रम एका रविवारी सकाळी दहा ते अकरा या तासाभरात झाला. आणि त्या पराक्रमाची वेळ माझ्याच चुकीमुळं आली होती. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई स्वतःचीच आरती ओवाळून घेतायत.

मी कराडशेजारच्या मलकापुरात राहते. जवळच्याच एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी नोकरी केली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. खिडकीच्या आत मी, बाहेर पोरांची रांग, आणि दिवसभर माझा आवाज. पोरं तोंडावर कुंभार मॅडम म्हणायची. पाठीमागं काय म्हणायची तेही मला माहीत आहे, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

या कामाचा ज्यांना गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परिस्थिती बेताची असलेल्या मुलांची फी योजनेतून भरली जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण ती सवलत एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असं नसतं. दर वर्षी नव्यानं मागायची. नवा उत्पन्नाचा दाखला, हजेरी, मागचा निकाल, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि हे सगळं वेबसाइटवर चढवायचं. त्या वेबसाइटचं कुलूप उघडतं ओटीपीनं, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या सहा आकड्यांनी. पहिल्या वर्षी आईबाप हौसेनं बरोबर येतात, सगळं नीट होतं. दुसऱ्या वर्षी पोरगं एकटं पडतं, आणि तारीख निघून जाते. नापास होऊन कॉलेज सोडणारी मी थोडी बघितली. तारीख चुकून सोडणारी मात्र लय बघितली. हुशार पोरं, आणि एका तारखेपायी घरी! मला त्याचा असा संताप यायचा की घरी गेल्यावर भांडी आपटायचे.

मग डोक्यात आलं, की याच योजनेतून शिकत वर गेलेली मोठी पोरं धरावीत आणि त्यांना खालच्या पोरांच्या पाठीशी उभं करावं. त्यांना नाव दिलं ‘सोबती’. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, पोरं पोरांना काय शिकवणार?”

मी म्हटलं, “सर, पोरं पोरांचंच ऐकतात. तुमचं-माझं कोण ऐकतंय?”

सर हसले, आणि भूगोलाच्या विभागातली नकाशांची खोली दर शनिवारी दुपारी मला मिळाली.

काय सांगू त्या शनिवारांची मजा! पहिल्या दिवशी बारा सोबती वह्या काढून बसले, आता मॅडम फॉर्म कसा भरायचा ते शिकवणार म्हणून. मी वह्या बंद करायला लावल्या. डोक्यावरून ओढणी घेतली, कोपऱ्यात तोंड करून बसले आणि म्हटलं, “मी फर्स्ट इयरची मुलगी आहे. तीन दिवस कॉलेजला आले नाही. मला बोलतं करा.”

एक धिप्पाड पोरगा पुढं आला आणि सगळ्यांदेखत विचारता झाला, “काय गं, फी भरली का?”

मी असा काही हुंदका काढला की पोरगा घाबरून मागं सरला. शिपाईमामा पळत आले, मॅडमना काय झालं म्हणून! खोलीत हसून हसून पुरेवाट झाली. पण त्या दिवसापासून चारचौघांत फीचा ‘फ’ काढायचा नाही, हे बाराही जणांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आपल्याकडची पोरं ताकाला जाऊन भांडं लपवतात. “पैसे नाहीत” असं कधी म्हणणार नाहीत. “इंटरेस्ट न्हाई राहिला, मॅडम” असं म्हणतील. मी सोबत्यांकडून हे वाक्य दहा-दहा वेळा म्हणून घ्यायचे आणि विचारायचे, “ह्याचा अर्थ काय?” सगळी एका सुरात ओरडायची, “इंटरेस्ट हाय, पण कायतरी अडलंय!” शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून जायचे.

या बारा जणांत कवठे महांकाळची रेश्मा होती. बारकी, बोलायला कमी, नजर मात्र घारीची. एकदा एका पोराचा अंगठा आधारच्या मशीनवर उमटेना. तीन हेलपाटे झाले, पोरगा रडकुंडीला आला. रेश्मानं त्याचा हात नुसता उलटा करून बघितला आणि म्हणाली, “सुट्टीत द्राक्षाचे घड औषधात बुडवायला गेलतास न्हवं? कातडं गेलंय तुझं. आठ दिवस तेल लाव, पाण्यात हात घालू नकोस, मग जाऊ.” आठ दिवसांनी अंगठा उमटला. मी इतकी वर्षं त्या टेबलावर होते, मला नव्हतं सुचलं. मी तिला शाबासकी दिली तर म्हणाली, “आमच्याकडं सगळ्यांचेच हात तसले हायत, मॅडम.”

आणि दुसरा होता अक्षय. खटाव तालुक्यातला, घरात आजोबा फौजी, चुलता फौजी, आणि हाही रोज पहाटे पळायला जाणारा. त्याच्याकडं पंधरा पोरं दिली होती. बाकीच्या सोबत्यांची दोन कामं व्हायची, तोवर अक्षयची दहा झालेली असायची. मी विचारलं, “अरे, कसं जमतंय तुला?”

“सिस्टीम हाय मॅडम,” छाती काढून म्हणाला. “पोरांच्या मोबाइलला रिचार्ज नसतोय. सिम बदलत्यात. ओटीपी यायचा कवा आन् फॉर्म भरायचा कवा? मी सगळ्यांच्या फॉर्मात माजाच नंबर टाकलाय. ओटीपी मला येतो. पोरांनी नुसतं शेजारी बसायचं.”

वाचकहो, इथं मी त्याला एक रट्टा द्यायला पाहिजे होता. मी काय केलं? पुढच्याच शनिवारी त्याला फळ्यापाशी उभं करून ती सिस्टीम सगळ्यांना समजावून सांगायला लावली. वर स्नेहसंमेलनात शाल आणि नारळ देऊन सत्कार. आपल्याकडं कुणी काही केलं की आधी नारळ हातात देतात, विचार नंतर. बाकीच्या सोबत्यांनी ती युक्ती उचलली नाही, हे माझं नशीब. रेश्मा तर तेव्हाच पुटपुटली होती, “मग पोरांला काय येणार?” मी तिला म्हटलं, “तू गप गं.”

पुढं अक्षय सैन्यात भरती झाला. ऑफिसात पेढे वाटले, सगळ्यांच्या पाया पडला, आणि परराज्यातल्या ट्रेनिंग सेंटरला गेला. त्याची पंधरा पोरं मी रेश्माकडं दिली.

दोन महिन्यांनी नव्या वर्षाचे फॉर्म सुरू झाले, मुदत जेमतेम पंधरवड्याची. रेश्मा ऑफिसात आली ती चेहरा पांढराफटक करून.

“मॅडम, एकाचंबी लॉगिन हुईना. ओटीपी अक्षयदादाच्या नंबराला चाललाय.”

“मग कर की त्याला फोन!”

“तितं फोन जमा करून घेत्यात, मॅडम. नंबर बदलायचा म्हटलं तरी आदी जुन्याच नंबराचा ओटीपी मागतंय.”

माझ्या पायाखालची वाळू सरकली. पंधरा पोरांचं वर्ष एका बंद मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल कुठल्यातरी बराकीतल्या पेटीत! साताऱ्याला शिष्यवृत्तीच्या जिल्हा ऑफिसात जाऊन आले. तिथले साहेब चांगले होते, चहा पाजला, म्हणाले, “लेखी अर्ज द्या, वरून नंबर बदलून येईल. पण तारखेच्या आत येईल असं नाही सांगता येत.” परतीच्या गाडीत मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की शेजारच्या बाईनं विचारलं, तुम्हाला बरं नाही का.

अक्षयच्या आईला फोन लावला. कळलं की ट्रेनिंगच्या पोरांना रविवारी सकाळी दहा ते अकरा फोन मिळतो. तो तेव्हा घरी बोलतो. फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत होती. मध्ये एकच रविवार. म्हणजे आमच्याकडं एक तास होता! अक्षयच्या आईला म्हटलं, “ह्या रविवारी त्यानं घरी फोन करायच्या आधी मला करायचा, त्याला कसंही करून निरोप पोचवा.” ती माउली म्हणाली, “त्याच्या चुलत्याची वळख हाय तितं. सांगतू आमी. पर त्यानं काय चूक केली का वं मॅडम?” मी म्हटलं, “त्यानं नाही हो.” खरं काय ते तिला सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

मी पंधरा पोरांची यादी केली. चौदा जण रविवारी येतो म्हणाले. पंधरावी सुजाता. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, म्हसवडची, वडील शिवणकाम करतात. वर्गात पहिल्या तिघांत असायची. तिला फोन केला तर म्हणाली, “नको मॅडम. इंटरेस्ट न्हाई राहिला. मंगळवारी पुण्याला चाललीय मामाकडं, कंपनीत लागतीय.”

मी घाईत होते. म्हटलं, “बरं बाई, तुझी मर्जी,” आणि यादीतल्या तिच्या नावावर काट मारली.

रेश्मा समोरच बसली होती. तिनं विचारलं, “काय म्हणली?”

“इंटरेस्ट नाही म्हणाली.”

रेश्मानं यादीवरची ती काट बघितली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, ह्याचा अर्थ काय?”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. ज्या बाईनं ते वाक्य शंभर वेळा घोकून घेतलं, तीच ते ऐकून फोन ठेवून मोकळी झाली होती! मी परत फोन लावला, तर बंद.

“रेश्मा, आता चौदा तरी वाचवू,” मी म्हटलं.

“चौदा तुमी वाचवा. मी म्हसवडला जाती.” आणि रविवारी पहाटेची पहिली एसटी धरून ती गेलीसुद्धा.

रविवार उजाडला. अक्षयचा रिचार्ज संपला असणार हे ध्यानात येऊन आदल्या दिवशीच मी तो मारून ठेवला होता. ऑफिसात चौदा पोरं, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल, टेबलावर माझा मोबाइल स्पीकरवर. शिपाईमामा रविवारचे हजर, चहा तयार. घड्याळात दहा. दहा वाजून एक. दहा वाजून चार! मी देवाचं नाव घ्यायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली.

“जय हिंद मॅडम! अक्षय बोलतूय! निरोप पोचला. बोला!”

पोरांनी एकच कल्ला केला. आणि उत्साहाच्या भरात सगळ्यांनी एकदमच बटणं दाबली. तिकडं अक्षयच्या मोबाइलवर धडाधड मेसेज पडले. “मॅडम, नऊ ओटीपी आल्यात! कुणाचा कुठला? ह्यात नाव न्हाई!” झालं! नऊच्या नऊ वाया. पाच मिनिटं पाण्यात. मी टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा कप सांडला. “रांगेत उभं राहा! एक झाला की दुसरा! जो मध्ये बटण दाबेल त्याचं बोट मोडीन!”

मग जी गाडी सुरू झाली, काय सांगू! एकानं बटण दाबायचं, अक्षयनं आकडे ओरडायचे, पोरानं टाकायचे, स्वतःचा नंबर घालायचा, “झालं!” म्हणून बाजूला व्हायचं. प्रत्येक “झालं” ला बाकीची टाळ्या वाजवायची. कुणाचं नेट गेलं की शेजारचा आपलं जोडून द्यायचा. मामा दारात उभे राहून मोजत होते, “सात झाली! आठ झाली!” नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता, चूक निस्तरतानाही माणसाला इतका आनंद होतो हे मला माहीतच नव्हतं.

चौदावं झालं तेव्हा अकराला सात मिनिटं होती. रेश्माचा पत्ता नाही. तिच्या फोनला रेंज नाही. अक्षय विचारतोय, “मॅडम, सुजाता कुठाय? तिचं राहिलं न्हवं?” मी म्हटलं, “थांब, फोन ठेवू नकोस.”

दोन मिनिटं गेली आणि मामांचा मोबाइल वाजला. रेश्मा! “मॅडम, दुकानात हाय मी सुजाताच्या वडलांच्या. सुजाता शेजारीच हाय.”

सकाळपासून तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. रेश्मा दुकानात जाताना स्वतःचा एक सैल ड्रेस घेऊन गेली होती, शिवून बारीक करून घ्यायला. कॉलेजातून आलेय, फीचं बोलायचंय, असं म्हणत कुणाच्या दारात जायचं नाही, हे आमच्या शनिवारच्या वर्गातच शिकवलेलं. माप देता देता बोलणं निघालं. सुजातानं फॉर्म सुरू झाल्याच दिवशी स्वतः लॉगिन करून बघितलं होतं. ओटीपी आलाच नाही. तिला वाटलं, आपलं नाव योजनेतून काढलं. विचारायची लाज वाटली. वडिलांना सांगितलं, सवलत बंद झाली, आणि त्यांनी काळजावर दगड ठेवून तिच्या पुण्याच्या मामाला फोन लावला. माझ्या शाल-नारळाच्या सिस्टीमपायी ती पोरगी मंगळवारी कंपनीत जाणार होती.

मी शिपाईमामांचा मोबाइल माझ्या मोबाइलच्या तोंडाशी धरला. एकात अक्षय, एकात रेश्मा. अकराला चार मिनिटं. आणि तेवढ्यात अक्षयच्या मागून दमदार आवाज आला, “चलो, फोन जमा करो!”

“उस्ताद, पाच मिनट!” अक्षय त्याच्या कवायतीच्या हवालदारापुढं काकुळतीला आला होता. “मेरी गलती है उस्ताद, एक लडकी का साल जायेगा.”

मला राहवलं नाही. मी त्या फोनवर ओरडले, “साहब, उसकी गलती नहीं है! मैंने करने दिया था उसको, मैं उसकी मॅडम बोल रही हूँ!” माझं हिंदी कसलं, पण तिकडं पोचलं. तोच आवाज म्हणाला, “ठीक है मॅडमजी. पाँच मिनट.”

“रेश्मा,” मी घाईघाईनं म्हटलं, “सुजाताचा पासवर्ड सांग. मी इथून टाकते. माझा हात बसलाय, मिनिटात होईल.”

पलीकडून रेश्मा म्हणाली, “न्हाई मॅडम.”

“अगं, वेळ नाही!”

“तीच भरंल, मॅडम. तुमी नुसतं आकडं सांगा.”

मला असला राग आला! एवढीशी पोर, आणि मला नाही म्हणते? चौदा पोरं माझ्याकडं बघत होती. माझी बोटं कीबोर्डवर होती. ती मी उचलली, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. आयुष्यात एवढं अवघड काम मी दुसरं केलं नाही.

“बटण दाबलं,” सुजाताचा आवाज आला. बारीक.

“आला!” अक्षय ओरडला आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. ती प्रत्येक आकडा पुन्हा म्हणत होती. मागून तिचे वडील म्हणाले, “नंबर माजा टाक बाळ, मी दुकानातच असतो.” आणि सुजाता पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलली, “न्हाई आबा. माजाच टाकती.”

तेवढ्यात माझा मोबाइल गप झाला. अक्षयचा फोन जमा झाला होता. मामांच्या मोबाइलमधून नुसती शिलाई मशीनची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी दुकानात पुढं शिवतच होतं. मग रेश्मा म्हणाली, “मॅडम, नंबर बदलला. फॉर्म उघडलाय. आता बाकीचं ती भरतीया.”

पोरांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. मी पदर तोंडाला लावून रडले, आणि या वेळी नाटक नव्हतं. दुपारी एकच्या सुमारास सुजातानं कागद चढवून फॉर्म पाठवला, एकटीनं, आणि मंगळवारी ती पुण्याच्या नाही, कराडच्या गाडीत बसली.

पुढच्या शनिवारी मी फळ्यासमोर उभी राहून सगळ्या सोबत्यांना माझी चूक सांगितली. दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये आपला हात नको, हा नियम त्या दिवशी रेश्मानं फळ्यावर लिहिला.

पण एक माणूस आठवडाभर अंधारात होता. फोन जमा केला तेव्हा अक्षयला एवढंच ठाऊक होतं, की त्यानं आकडे सांगितले. ते पोचले का, काम झालं का, हे त्याला कळवायला चुलत्याची ओळखही दुसऱ्यांदा चालली नाही. पुढच्या रविवारी मी सुजाताला जेवायला बोलावलं, मुद्दाम दहाच्या आधी. दहाला फोन वाजला. ना जय हिंद, ना नमस्कार.

“मॅडम, आठ दिवस झोप न्हाई मला. पळताना, परेडला, सगळीकडं तेच डोक्यात. सुजाताचं काय झालं?”

माझ्या जिभेवर उत्तर होतं. सगळं, पहिल्यापासून, तिखटमीठ लावून सांगायचं होतं मला. पण मी फोन सुजाताच्या हातात दिला.

ती उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, मी सुजाता. थर्ड इयर बीएस्सी.”